कॅप्सूल एन्डोस्कोपी: चाळीस हजारांची गोळी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

तोंडावाटे आत घातलेली दुर्बीण जठर ओलांडून आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागापर्यंत पोहोचते, आणि खालून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पार करून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात डोकावते. या दोन टोकांच्या मध्ये सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे उरते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा बहुतेक भाग पोट उघडल्याशिवाय नीट पाहण्याची सोय नव्हती. कॅप्सूल एन्डोस्कोपी, म्हणजे गिळायची कॅमेऱ्याची गोळी, हे उपकरण नेमके या मधल्या पट्ट्यासाठी आहे. गेल्या वर्षी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात मी ही तपासणी करून घेतली. हा अभिप्राय मी रुग्ण म्हणून आणि पदरचे पैसे मोजणारी ग्राहक म्हणून लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. गोळी कोणत्या कंपनीची होती हेही सांगत नाही, कारण रुग्णाला कंपनी निवडायला मिळतच नाही: रुग्णालयाकडे ज्या कंपनीचा, गोळीने पाठवलेली चित्रे साठवणारा रेकॉर्डर आणि संगणकप्रणाली असते, तिचीच गोळी तेथे चालते.

माझे हिमोग्लोबिन बराच काळ सातच्या आसपास रेंगाळत होते. लोहाच्या गोळ्या घेतल्या की ते थोडे वर येई आणि गोळ्या थांबवल्या की पुन्हा उतरे. पाळी बंद होऊन काही वर्षे झालेल्या बाईच्या शरीरातील लोह असे सतत कमी होत असेल, तर पचनमार्गातून कुठेतरी रक्त झिरपत असण्याची शक्यता आधी तपासायची असते. प्रत्यक्षात मात्र अशा बाईच्या हाती प्रथम पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई यांचीच यादी पडते, आणि ती यादी देणाऱ्यांत शेजारणींइतकेच डॉक्टरही असतात. माझ्या बाबतीत पोटविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचल्यावर दोन्ही बाजूंनी दुर्बिणीची तपासणी झाली आणि दोन्हींत काही सापडले नाही. त्यानंतर आतड्याचा विशेष सीटी स्कॅन झाला, तोही निर्दोष आला. मग लहान आतड्याचा प्रश्न निघाला. हा क्रम मुद्दाम सांगते, कारण कॅप्सूल ही पहिली तपासणी नव्हे. आधीच्या पायऱ्या गाळून थेट तिच्याकडे जाण्याचा आग्रह कुणी धरत असेल, तर त्यामागचे कारण विचारणे रुग्णाच्या हिताचे आहे.

आता प्रत्यक्ष उपकरणाविषयी. गोळीची लांबी साधारण २६ मिलिमीटर, जाडी ११ मिलिमीटर आणि वजन तीन-चार ग्रॅम असते. बाजारात मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या कॅप्सूलपेक्षा ती थोडी मोठी दिसते, पण गुळगुळीत असल्यामुळे घशात अडत नाही. एका टोकाला पारदर्शक घुमट असतो आणि त्याच्या आत भिंग, चित्र टिपणारी चिप आणि तिच्याभोवती पांढऱ्या प्रकाशाचे सूक्ष्म दिवे बसवलेले असतात. मागच्या भागात बटणाएवढ्या बॅटऱ्या आणि रेडिओ लहरी सोडणारा प्रक्षेपक असतो. डबीमध्ये चुंबक बसवलेला असतो आणि गोळी तेथे असेपर्यंत बंद राहते. तंत्रज्ञ मुलीने ती माझ्यासमोर डबीतून उचलताच दिवे लुकलुकू लागले, आणि “काकू, आता घड्याळ सुरू झालं, लगेच गिळा,” असे म्हणत तिने पाण्याचा पेला पुढे केला. बॅटरी आठ ते बारा तास चालते आणि एकदा सुरू झालेली गोळी थांबवता येत नाही, त्यामुळे तिची घाई रास्तच होती.

या उपकरणाचा उगम थोडा अनपेक्षित ठिकाणी आहे. गॅब्रिएल इद्दान हे इस्रायलच्या राफाएल या संरक्षण-संशोधन संस्थेतील अभियंते, आणि क्षेपणास्त्रांना लक्ष्य दिसावे यासाठी लागणाऱ्या प्रकाशीय साधनांवर त्यांचे काम चाले. १९८१ मध्ये ते बोस्टनला असताना एटान स्कापा या पोटविकारतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यातून लहान आतडे पाहता येत नाही ही अडचण त्यांच्या ध्यानात आली. लंडनमध्ये पॉल स्वेन हे डॉक्टर स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर काम करीत होते. पुढे दोन्ही प्रयत्न एकत्र आले, १९९८ मध्ये गिव्हन इमेजिंग ही कंपनी स्थापन झाली आणि १९९९ मध्ये स्वेन यांनी स्वतः गोळी गिळून पहिली चित्रे मिळवली. २००० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपकरणाला परवानगी दिली. ही कंपनी २०१४ मध्ये कोव्हिडियनने आणि कोव्हिडियनला २०१५ मध्ये मेडट्रॉनिकने विकत घेतले. ‘पिलकॅम’ या नावाने ती गोळी आजही मिळते. जपानच्या ऑलिम्पसची, दक्षिण कोरियाच्या इंट्रोमेडिकची ‘मायरोकॅम’ आणि चीनमधील जिनशान कंपनीची ‘ओमॉम’ या गोळ्याही वापरात आहेत. ‘मायरोकॅम’ रेडिओ लहरींऐवजी रुग्णाच्या शरीराचाच विद्युतवाहक म्हणून उपयोग करून चित्रे बाहेर पाठवते, ही मला या सर्वांतील सर्वांत चतुर युक्ती वाटते. इतर गोळ्यांची चित्रे टिपून घेण्यासाठी पोटाभोवती पट्टा बांधावा लागतो, अमेरिकेच्या ‘कॅप्सोकॅम’ला तर तोही लागत नाही. तिच्या चार बाजूंना चार कॅमेरे असून चित्रे गोळीतच साठतात. त्याची किंमत मात्र अशी की बाहेर पडलेली गोळी रुग्णाने शौचातून वेगळी काढून परत द्यायची असते. यासाठी संचासोबत चुंबकी कांडी मिळते हे खरे, तरी आपल्याकडच्या ज्येष्ठ रुग्णांना हे कितपत रुचेल याची मला शंका आहे.

तपासणीच्या दिवसापेक्षा तिची पूर्वतयारी अधिक महत्त्वाची आहे आणि सेवेतील सर्वांत ढिली बाजूही तीच आहे. गोळीला आतड्याची भिंत पुसता येत नाही, पाण्याचा फवारा मारता येत नाही आणि हवा भरून आतडे फुगवताही येत नाही. समोर जे येईल त्याचे चित्र ती टिपते. भिंतीवर अन्नाचा थर, पित्त किंवा बुडबुडे असतील तर त्यांचेच चित्र मिळते. म्हणून आदल्या दिवशी दुपारपासून पातळ आहार, संध्याकाळी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून सावकाश पिणे, रात्री पूर्ण उपवास आणि सकाळी बुडबुडे मोडणारे सिमेथिकोनचे औषध असा क्रम असतो. मला मिळालेल्या सूचनापत्रात एवढे होते, पण ते इंग्रजीत होते, आणि लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायच्या असतात ही सर्वांत आवश्यक सूचना त्यात नव्हती. लोहामुळे आतड्यातील मळ काळा आणि चिकट होतो व अस्तर झाकले जाते. ज्या तपासणीला येणारे बहुसंख्य रुग्ण रक्तक्षयाचे, म्हणजे लोहाच्या गोळ्या घेणारेच असतात, तिच्या सूचनापत्रात हे वाक्य नसावे ही मला अक्षम्य ढिलाई वाटते. मी दूरध्वनी करून विचारले म्हणून ते कळले. लाल किंवा गडद रंगाची पेये वर्ज्य असतात हेही त्याच बोलण्यात समजले, आणि कोकम सरबताचा बेत बाजूला पडला.

सकाळी पोटाभोवती रुंद पट्टा बांधतात आणि त्यात गोळीकडून येणारे संदेश टिपणारे संवेदक असतात. काही रुग्णालयांत पट्ट्याऐवजी पोटावर चिकटपट्ट्या लावून त्यांच्या तारा रेकॉर्डरला जोडतात. पट्टा अंगाला टोचत नाही, पण एप्रिलच्या उकाड्यात तो दिवसभर बांधून वावरणे फारसे सुखाचे नव्हते. सैल सुती कुडता घालून जावे, आणि साडी नेसणाऱ्या बायकांनी त्या दिवसापुरता तरी सलवार-कुडता घालावा, असे मी आवर्जून सांगेन. रेकॉर्डर खांद्याला अडकवायच्या लहान पिशवीत असतो आणि त्याच्या पडद्यावर आतील चित्र त्याच वेळी दिसते. ही सोय रुग्णाच्या करमणुकीसाठी नसते. गोळी जठरातून पुढे गेली की नाही हे तंत्रज्ञ तासाभराने त्यावर पाहतो, कारण ती जठरातच रेंगाळली तर बॅटरीचे मोलाचे तास तेथेच खर्ची पडतात. माझी गोळी तासाने जठरातच लोळत होती. मला थोडे चालायला सांगितले, जठर पुढे ढकलणारे औषध दिले, आणि त्यानंतर पडद्यावर गुलाबी, मखमली लव दिसू लागली. ती लहान आतड्याच्या अस्तरावरची अंकुरिका होय, हे तंत्रज्ञ मुलीने समजावून सांगितले. आपल्याच शरीराचा इतका आतला भाग आपण चालता-बोलता पाहत आहोत या जाणिवेने मी काही क्षण अक्षरशः स्तब्ध झाले, आणि रुग्णालयाच्या बाकावर इतके स्तब्ध होण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार आलेले नाहीत.

त्यानंतरचा दिवस साधा असतो. गिळल्यानंतर दोन तासांनी पाणी, शहाळ्याचे पाणी असे स्वच्छ द्रव चालतात आणि चार तासांनी हलके खाता येते. मी इडली खाल्ली. घरी जाण्याची मुभा असते, मात्र धावपळ, जड वजन उचलणे आणि तीव्र चुंबकीय क्षेत्राजवळ जाणे टाळायचे असते. भूल नाही, सुई नाही, दुखणे नाही. खालच्या दुर्बिणीच्या तपासणीनंतर दिवसभर पोटात राहणारी हवेची कळ आठवली की या उपकरणाचे मोल रुग्णाच्या दृष्टीने चटकन लक्षात येते. संध्याकाळी पट्टा आणि रेकॉर्डर परत करायचा असतो. गोळी एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाते. ती एकदाच वापरायची असते, म्हणून परत करण्याचा प्रश्न येत नाही. बॅटऱ्या आणि चिप असलेली वस्तू अशी सांडपाण्यात सोडून द्यावी लागते ही गोष्ट मला खटकली, पण त्यावर अद्याप सोयीचा उपाय दिसत नाही.

खरा मुद्दा इथून सुरू होतो. रुग्ण ज्याचे पैसे देतो ती वस्तू त्याला गोळी वाटते, पण त्याच्या आजाराचा निकाल लावते ते गोळीने टिपलेल्या चित्रांचे वाचन. सेकंदाला दोन चित्रे या जुन्या वेगाने आठ तासांत ५७,६०० चित्रे जमा होतात. नव्या गोळ्या आतड्यातून वेगाने पुढे सरकत असताना सेकंदाला सहापर्यंत चित्रे टिपतात आणि मंदावल्यावर दोनवर येतात. एवढ्या चित्रांतून एखादा लाल ठिपका कदाचित दोन-तीन चित्रांतच दिसणार, आणि ती दोन-तीन चित्रे पाहताना वाचणाऱ्याचे लक्ष पडद्यावर असायला हवे. एका फिल्मच्या वाचनाला कसलेल्या डॉक्टरलाही पाऊण तास ते दीड तास लागतो. सुरुवातीच्या भागात गोळी सर्वांत वेगाने जाते आणि चूकही तेथेच अधिक होते. आद्यांत्रात पित्तनलिकेचे तोंड सर्व माणसांना असते, तरी जुन्या गोळ्यांच्या चित्रांत ते बहुतेक वेळा दिसत नसे. जी गोष्ट तेथे नक्कीच आहे ती दिसत नसेल, तर जी असेल किंवा नसेल तिच्याबद्दल किती खात्री बाळगावी हे यावरून समजते.

यासाठी मी डॉक्टरांना थेट विचारले की फिल्म कोण वाचणार. प्रश्न विचारताना संकोच वाटला, पण उत्तर मोकळेपणाने मिळाले: प्राथमिक निवड प्रशिक्षित तंत्रज्ञ करतो आणि डॉक्टर पूर्ण फिल्म पुन्हा पाहतात. सगळीकडे असे होतेच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत आता या कामात येऊ लागली आहे. २०१९ मध्ये चीनमधील अनेक केंद्रांतील सुमारे सात हजार रुग्णांच्या फिल्म्सवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने सरासरी ९६.६ मिनिटे लागणारे वाचन संगणकाच्या मदतीने ५.९ मिनिटांवर आले, आणि माणसाच्या नजरेतून निसटलेल्या अनेक गोष्टीही सापडल्या. थकव्यामुळे होणाऱ्या चुकांवर हा चांगला उतारा ठरेल असे मला वाटते. मात्र निवडून दिलेली चित्रे पाहून त्यांचा अर्थ लावण्याचे काम अजूनही डॉक्टरकडेच असते, आणि ते तसेच असावे.

अहवाल हाती पडायला सांगितलेल्या मुदतीपेक्षा बराच उशीर झाला आणि पहिल्या प्रतीत दोनच रंगीत चित्रे व चार ओळी होत्या. कॅप्सूलच्या अहवालात निदान काही गोष्टी असायलाच हव्यात: तयारी कितपत स्वच्छ होती, गोळी जठरातून केव्हा निघाली, मोठ्या आतड्यात केव्हा शिरली, म्हणजे संपूर्ण लहान आतडे पाहून झाले की नाही, आणि जे सापडले ते किती वेळाने सापडले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात २२,८४० तपासण्यांची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी ८३.५ टक्के तपासण्यांतच गोळी बॅटरी संपण्यापूर्वी लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचली होती आणि ५९.४ टक्क्यांत काही ना काही आढळले होते. म्हणजे साधारण सहा-सात रुग्णांमागे एकाचे आतडे अर्धवट पाहिले जात होते. बॅटरीचे आयुष्य वाढल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, तरी ‘काही आढळले नाही’ हे वाक्य पूर्ण आतडे पाहून लिहिले आहे की अर्ध्यावर, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला फारसा अर्थ नसतो. मी मागणी केल्यावर वेळांसह सुधारित अहवाल मिळाला. सापडलेल्या गोष्टीतून रक्त येण्याची शक्यता किती, हे पी-शून्य, पी-एक आणि पी-दोन अशा श्रेणींत लिहिण्याची पद्धत आहे. पी-शून्य म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे, पी-दोन म्हणजे दोषी ठरवण्याजोगे आणि पी-एक म्हणजे सांगता येत नाही असे. माझ्या अहवालात जेजुनममधील, म्हणजे लहान आतड्याच्या आद्यांत्रानंतरच्या भागातील, दोन जागा पी-दोन होत्या.

त्या जागी अँजिओडिसप्लेसिया होता, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे फुगलेले, नाजूक जाळे. लाल, किंचित नक्षीदार ठिपका, मागे फिक्या गुलाबी लवेची पार्श्वभूमी, आणि एका चित्रात त्याच्या कडेने उतरलेला रक्ताचा बारीक ओघळ. कित्येक महिन्यांच्या अशक्तपणाचे कारण इतके लहान असेल असे वाटले नव्हते.

कॅप्सूलची मर्यादाही याच टप्प्यावर उघड होते. तिला दिसते, पण तिला हात नाहीत. तुकडा काढून तपासायला पाठवणे, रक्तस्राव थांबवणे, गाठ कापणे यांपैकी काहीही ती करू शकत नाही. त्यासाठी बलून एन्टेरोस्कोपी करावी लागते. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातील हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये मांडलेल्या दोन फुग्यांच्या पद्धतीत लांब दुर्बीण आणि तिच्यावरची नळी या दोन्हींच्या टोकांना फुगे असतात. ते आळीपाळीने फुगवून आतडे चुणीचुणीने नळीवर गोळा करीत दुर्बीण खोल नेली जाते. कॅप्सूलच्या अहवालातील वेळ येथे उपयोगी पडते, कारण सापडलेली जागा लहान आतड्यातील प्रवासाच्या पहिल्या साठ-सत्तर टक्क्यांत असेल तर दुर्बीण तोंडावाटे आणि त्यापुढे असेल तर खालून घालायची असा ढोबळ नियम आहे. अहवालात वेळा मागून घेतल्याचे समाधान मला या टप्प्यावर झाले. मला तोंडावाटे दुर्बीण घालण्यात आली, दोन्ही जागा आर्गॉन वायूच्या प्लाझ्माने डागण्यात आल्या आणि त्यानंतर शिरेतून लोह देण्यात आले. हिमोग्लोबिन आता अकराच्या वर स्थिरावले आहे. अशा विकृती पुन्हा निर्माण होण्याचे प्रमाण लक्षणीय असते, म्हणून दर काही महिन्यांनी रक्ततपासणी चालू ठेवली आहे.

धोक्याविषयी रुग्णालयात फारसे बोलले जात नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते. गोळी दोन आठवड्यांहून अधिक काळ आत राहिली तर ती अडकली असे मानतात. वर सांगितलेल्या आढाव्यात हे प्रमाण १.४ टक्के होते आणि क्रोन रोग, म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाह, असलेल्यांत २.६ टक्के. सर्वसाधारण रुग्णासाठी हा धोका लहानच आहे, परंतु आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही आणि त्यात लहान आतडे, विशेषतः त्याचा शेवटचा भाग, आकसून अरुंद होतो. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यातही पडद्यासारखे अडथळे तयार होऊ शकतात. पूर्वी पोटावर शस्त्रक्रिया झाली असेल, पोटात किरणोपचार झाले असतील, जेवल्यानंतर मुरडा येऊन पोट फुगत असेल, तर या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगितल्या पाहिजेत. अशा रुग्णांसाठी आधी सीटी स्कॅन करतात किंवा चाचणीची विरघळणारी गोळी देतात. दुग्धशर्करा आणि बेरियम यांची ही गोळी आकाराने मूळ गोळीएवढीच असते आणि अडकलीच तर सुमारे ३० तासांनंतर विरघळू लागते. कॅमेऱ्याची गोळी मात्र विरघळत नाही. ती अडकली आणि औषधांनी पुढे सरकली नाही, तर दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढावी लागते. गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करता येत नाही, ही गोष्ट मला घरी जाताना सांगितली गेली, पण कागदावर लिहून मिळाली नाही. अपघात झालेल्या, शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हे कसे ठाऊक असणार?

खर्चाचा भाग. गोळी, तपासणी आणि वाचन मिळून माझे बिल चाळीस हजारांच्या थोडे खाली आले, बलून एन्टेरोस्कोपीचा खर्च वेगळा. विमा कंपनीने कॅप्सूलची रक्कम देण्यास नकार दिला आणि तिच्या दृष्टीने तो नियमाला धरून होता: विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च वगळलेला आहे आणि त्याचा संकेतांक ‘Excl04’ असा पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णावर त्याच मुक्कामात, उपचाराशी संबंधित म्हणून कॅप्सूल केली गेली असेल तर दाव्याची बाजू बळकट होते. ज्यांच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे त्यांनी ते कलम आधी वाचावे. रुग्णालयातील विमा खिडकीवर ‘होऊन जाईल’ असे तोंडी आश्वासन मिळाले तर ते लेखी मागावे.

मोठ्या आतड्यासाठी दोन्ही टोकांना कॅमेरे असलेली वेगळी गोळीही आहे आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१ मध्ये ११,००० रुग्णांसाठी तिचा प्रायोगिक वापर जाहीर केला होता. दुर्बिणीची भीती वाटते म्हणून पुष्कळ जण तिची चौकशी करतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिची पूर्वतयारी नेहमीच्या खालच्या तपासणीपेक्षा अधिक कडक असते, आणि गाठ दिसली तर ती काढण्यासाठी शेवटी दुर्बीण घालावीच लागते. पन्नाशीपुढच्या माणसाला मोठ्या आतड्याची तपासणी सांगितली असेल, तर तिच्याऐवजी कॅप्सूल मागू नये असे माझे मत आहे.

लहान आतड्याच्या बाबतीत मात्र मी या उपकरणाला पाचपैकी साडेचार गुण देईन आणि मला मिळालेल्या सेवेला तीन. रक्तस्राव चालू असताना किंवा थांबल्यावर लवकर, शक्य तर पहिल्या दोन दिवसांत आणि निदान दोन आठवड्यांच्या आत तपासणी झाली तर कारण सापडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे काळे शौच दिसताच रुग्णालयात कळवावे आणि तारखेसाठी महिनाभर थांबू नये. आणखी एक सूचना: अहवालासोबत मूळ फिल्मची प्रतही मागून घ्यावी. बहुतेक ठिकाणी ती पेन ड्राइव्हवर मिळते, आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर अहवालातील दोन निवडक चित्रांपेक्षा पूर्ण फिल्म पाहणे त्यांना अधिक उपयोगाचे ठरते. माझ्या बलून एन्टेरोस्कोपीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालण्यापूर्वी तीच प्रत मागितली होती.